दसरूला घरी आणायचं आहे

मोहाटोला, ता. पोंभुर्णा
१३ एप्रिल २०२५

लच्छू,

आधी बस, मग वाच. बातमी चांगली आहे, पण उभ्यानं वाचण्यासारखी नाही.

जंगू भुमकानं देवाला विचारून दिवस दिला. मे महिन्याच्या एकोणीस तारखेला, सोमवारी, तुझ्या दादाला नदीवरून घरी आणायचं. सकाळपासून मी तीनदा चहा मांडला आणि तिन्ही वेळा उतू घालवला. तुझी बुधरी आत्या म्हणते, "काय व, लग्न हाये का घरी?" मी म्हटलं, लग्नाहून मोठं आहे.

दोन पावसाळे झाले दसरू बाहेर आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ताप त्याच्या डोक्यात गेला, दवाखान्यातून आपण त्याला झाकून आणलं, माती दिली, सगळं केलं. पण घरच्या देवाजवळ, तुझ्या आईबाबांच्या शेजारी, तो अजून बसलेला नाही. नदीवरून आणल्याशिवाय आपल्यात माणूस पूर्वजांत मिसळत नाही, हे तुला माहीत आहे. तरी जंगू भुमकानं काय सांगितलं ते लिहिते, कारण तू लहानपणापासून शाळेत, मग सिमेंटच्या गावी. पाहिलं असशील तरी विसरला असशील. कोरं मडकं घेऊन डोहात कमरेएवढ्या पाण्यात जायचं. मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची, मडकं बुडवायचं. जे जिवंत आत येईल, मासोळी, झिंगा, पाण्यातला किडा, तोच तो. त्याला सांभाळून घरी आणायचं.

आणि मडकं लहान भावानंच धरायचं.

मी विचारून पाहिलं, चुलतभाऊ चालेल का? भुमक म्हणाला, "सख्खा जिता हाये ना?"

"हाये. गडचांदूरले."

"मंग बलाव त्याले. सख्खा जिता असून दुसऱ्यानं हाक मारली, त दसरू येईन काऊन? तो म्हणन, माहा भाऊ कुठी हाये?"

म्हणून हा कागद. तू माझा फोन उचलत नाहीस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. कागद बोलता बोलता बंद करता येत नाही, एवढा त्याचा फायदा.

आखाडी लागली की डोहाला पूर येतो, मग पुढचा उन्हाळा. मला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही. रात्री जाग येते आणि छातीत कोणी धान कांडतंय असं वाटतं. आपल्या गावची आशा सेविका करिश्मा पट्टा बांधून प्रेशर पाहते. गोळी दिली आहे, ती घेते. ती म्हणते, "काकू, टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, मी घेत नाही बाई, तेच येऊन बसते. तिनं श्वास हळू सोडायला शिकवला आहे. तेही करते. पण श्वास सोडताना रोज एकच विचार येतो की तो बाहेर आहे आणि मी आत.

तू गाव का सोडलंस, ते मी काढत नाही. कागदावर नको.

उद्या संघपालच्या वस्तीत बाबासाहेबांची जयंती आहे, तो परवा ट्रक घेऊन तुमच्या गावी निघेल. हो की नाही ते त्याच्याजवळ सांग. हो सांग.

रुखमा वहिनी

*

मोहाटोला
२७ एप्रिल २०२५

लच्छू,

संघपाल काल आला. मी अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होते, तशीच उठले, मांडीवरची पानं सगळी उडाली.

"देला का कागद?"

"देला ना, वहिनी."

"वाचला का त्यानं?"

"माह्यापुढी वाचला. मंग घडी करून खिशात ठेवला. मंग काहाडून आणखी वाचला."

"काय म्हणला?"

"पाहतो म्हणला."

संघपालला ते काही वाटलं नाही, तो पाणी पिऊन निघाला. मला वाटलं, ओरडून गावाला सांगावं. तू नाही म्हणाला नाहीस. दोन वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द, आणि तो 'पाहतो' आहे. माझ्यासाठी पुष्कळ आहे.

लगेच कामाला लागले. पोंभुर्ण्याच्या बाजारातून मडकं आणलं. कुंभारणीनं दिलेली पाच मी परत केली. बोटानं वाजवून पाहायची, एक बसका आवाज देई, एक चिरका. ती वैतागून म्हणाली, "पाणीच प्याचं हाये ना व, का त्याले गाणं गायाले लावतं?" मी सांगितलं, नवऱ्याले आणाचं हाये त्यात. मग तिनं स्वतः आतून एक काढून दिलं.

भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या. देवाच्या कोनाड्यात तुझ्या आईबाबांच्या शेजारी जागा केली. तिथं बसून पाहिलं. वारा येतो, बरं आहे.

हसशील, पण ऐक. या घरात आले तेव्हा तू शाळेत नुकता जाऊ लागला होतास. चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचायचास, मी भाकरी थापता थापता तुझ्या पाटीकडे पाहायचे. तू 'म' म्हणालास की मी राखेत 'म' काढायचे. तुला कधी कळलं नाही. दसरूला कळलं होतं, तो मुद्दाम म्हणायचा, "लच्छू, जोऱ्यानं वाच गा, आयकू येत नाई." त्याला स्वतःला वाचायचं नव्हतं. आता मी वाचनालयातली पुस्तकं आणते, पुडीला बांधून आलेला पेपरसुद्धा सरळ करून वाचते. एका पुस्तकात लिहिलं होतं की काळ गेला की दुःख कमी होतं. माझं कमी झालं नाही. रोज उचलायची सवय झाली, पाण्यानं भरलेल्या गुंडीसारखी. गुंडी तेवढीच जड असते, फक्त कंबर कुठं वाकवायची ते कळतं.

पण या पंधरा दिवसांत, लच्छू, मला जड वाटत नाही. पहाटे उठल्यावर आधी आठवतं की तो येणार आहे, आणि मग आठवतं की तो मेला आहे. आधी उलटं होतं.

बुधरी आत्या तर तुझ्या लहानपणी चालायची तशी चालायला लागली. काठी विसरून जाते. काल बाजारातून पदराखाली काहीतरी लपवत आली. काय ते सांगितलं नाही. प्रसादाचा गूळ असेल.

तू येणार. मी तुझ्या नावाचं पांघरूण धुवून टाकलं आहे.

रुखमा वहिनी

*

मोहाटोला
६ मे २०२५

लच्छू,

गूळ नव्हता.

हे मला आज कळलं, तुला माझ्याआधी कळलं. संघपाल येऊन मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, माह्या तोंडाले कुलूप नाई. मी गमतीनं बोललो त्याले, ये लवकर, आत्यानं बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या, तयारी जोरात हाये. तो हासला नाई. दुसऱ्या दिवशी गेलो त खोलीले कुलूप."

तू कामावर जातोस, फक्त संघपालचा ट्रक दिसला की बाजूला होतोस, असं त्याला कारखान्याच्या गेटवरच्या चहावाल्यानं सांगितलं. हा कागद तो चहावाल्याजवळ ठेवणार आहे. चहा तर तू सोडला नसशील.

आता लिहितेच. कागदावर नको म्हटलं होतं, पण तू पळालास, म्हणजे जे मी लिहिलं नाही तेच तू वाचलंस.

दसरू गेल्याच्या दहाव्या दिवशी आत्यानं सुपात बांगड्या ठेवून सूप तुझ्यापुढं सरकवलं. "भर आता वहिनीले," म्हणाली. आपल्यात असं होतं. नवरा गेला की दिरानं बांगड्या भरायच्या, बाई त्याची बायको होऊन घरातच राहते. बुधरी आत्याचं तसंच झालं होतं आणि तिचं वाईट झालं नाही. चार लोक बसले होते. कोणाच्या मनात खोट नव्हती. तू सुपाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलं नाहीस, आणि उठून गेलास. आम्हाला वाटलं बाहेर गेला असशील. तू गडचांदूरला गेलास.

गाव म्हणालं, लच्छूला वहिनी नको झाली. मी ते ऐकून घेतलं, कारण त्याचं उत्तर देण्याइतकी माझ्यात तेव्हा ताकद नव्हती. पण मला ठाऊक होतं. तुझा शेंबूड मी पुसला आहे. तुला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा कडुलिंबाच्या पाल्यावर मी निजवलं आहे. ज्या हातानं तुला घास भरवला त्या हातात तू बांगड्या कशा भरशील? ते सूप पुढं आलं तेव्हा तुझ्यासारखीच मीही आतून उठून गेले होते. फक्त माझे पाय जागेवर राहिले, कारण बाईला कुठं जायचं ते आधी ठरवावं लागतं.

तेव्हा ऐक. तू मला टाकून गेलास असं मी एक दिवसही मानलं नाही. आणि आत्यानं या वेळी पुन्हा बांगड्या आणल्या, त्या मी सांगितलेल्या नाहीत. मी नदीची तयारी करत होते आणि ती तिच्या मनानं दुसरीच तयारी करत होती. मला तिचा एवढा राग आला की मी दुपारी जेवले नाही. मग वाटलं, म्हातारी आहे, तिला जे एक ठाऊक आहे तेच ती करते.

मी हे मिटवणार आहे. कसं, ते मला आज माहीत नाही. छाती कांडते आहे, पण भीतीनं नाही. बाजाराच्या दिवशी बस सुटायच्या आधी धावतो ना, तशी.

तू फक्त चहा पीत राहा.

रुखमा वहिनी

*

मोहाटोला
११ मे २०२५

लच्छू,

मिटलं. आजच मिटलं.

सकाळी मी जंगू भुमकाच्या अंगणात गेले. तिथं चार म्हातारे पत्ते खेळत होते, बुधरी आत्या त्याच्या बायकोबरोबर चिंच फोडत होती. मी उभ्यानंच म्हटलं, मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. भुमक म्हणाला, "बोल व, पत्ते काही पळत नाई."

मी म्हटलं, "लच्छू येत नाही. बांगड्यांमुळे येत नाही. तो आला नाही तर दसरू येत नाही. आता तुम्ही सांगा, तुम्हाले बांगड्या पाह्यजे का दसरू पाह्यजे?"

आत्या चिंच फोडत राहिली. मग म्हणाली, "रीतच हाये ते. मी का माह्या घरून आणली?"

"रीत हाये, मान्य. पण मी त्याले वाढवलं, आत्या. तूच म्हणत होती ना, रुखमाले लेकरू नाई त हाच तिचं लेकरू?"

"म्हणत होती."

"मंग लेकराच्या हातानं काऊन भरवून राह्यली मले?"

एक म्हातारा खो खो हसला आणि आत्यानं त्याच्या अंगावर चिंचोका फेकला. मग तिनं विळा खाली ठेवला आणि माझ्याकडे न पाहता जे बोलली ते मी लिहिते, कारण ते तुलाही कळायला पाहिजे.

"उघड्या हाताची बाई मंग माहेरी जाते. तू गेली त या घरी दिवा कोन लावन? दसरूले आणसान, बसवसान, आन घराले कुलूप लावसान. मंग त्याले आणून काय फायदा?"

म्हणजे हे होतं, लच्छू. दोन वर्षं मला वाटत होतं तिला रीत पाहिजे. तिला मी पाहिजे होते. तिच्या डोक्यात मला घरात ठेवायला तो एकच खुंटा होता आणि तो तू होतास.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "मी कुठीच जात नाई. कोणी बांगड्या भरल्या तरी नाई, नाई भरल्या तरी नाई. माहेरी माहं काय हाये? दिवा मीच लावीन."

"उघड्या हातानं?"

"मंग तू भर."

मी दोन्ही हात तिच्यापुढं धरले. "तू या घरची लेक हायेस. तुहा हक लच्छूच्या आधीचा हाये. भर."

तिनं भुमकाकडे पाहिलं. भुमकानं हातातली विडी विझवली. मग म्हणाला, "कधी पाह्यलं नाई असं."

एकानं टोमणा मारला, "मंग रुखमा आता आत्याची बायको झाली का गा?"

भुमक म्हणाला, "तुह्या घरी कोन बांगड्या भरते रे? तुही आईच भरत होती ना पोरीले? गप राय." आणि आत्याला म्हणाला, "भर बुधरी. हात भरला की झालं. मंग त्या बाईवर कोणाचा हक नाई आन कोणाचा बोल नाई. लच्छू तिचा लच्छूच."

आत्या घरी जाऊन त्या बांगड्या घेऊन आली. लहान होत्या. माझ्या आजच्या हाताच्या अंदाजानं नाही, तिच्या आठवणीनं घेतल्या होत्या, मी लग्नाच्या वेळी होते त्या मापाच्या. खोबरेल लावून चढवताना दोन फुटल्या, माझं रक्त निघालं, ती रडत होती आणि मला शिव्या देत होती की हाडं वाढवून ठेवली. शेवटी पाच-पाच चढल्या. आता लिहिताना वाजत आहेत. दोन वर्षांनी स्वतःच्या हाताचा आवाज ऐकते आहे. भाकरी थापते आहे तर वाजतात, गाय बांधते आहे तर वाजतात. मी उगाचच भांडी पुन्हा घासली.

तर आता तुला भ्यायला काही उरलं नाही. तुझ्यापुढं कोणी सूप सरकवणार नाही. लग्न तुझं करायचं आहेच, पण ते दुसऱ्या पोरीशी आणि पुढच्या वर्षी.

मडकं कोरं पडलं आहे. तुला यायचं असेल तर ये. हो सांग असं आता म्हणत नाही. भावाला हाक मारायची ती मनातून निघाली पाहिजे, माझ्या भिडेनं नाही. तू आला नाहीस तर आम्ही पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू. मी एकोणीसला, सोमवारी, डोहावर असेन.

रुखमा वहिनी

*

मोहाटोला
२१ मे २०२५

लच्छू,

नीट पोचलास, हे संघपालनं कळवलं. तू होतास तेव्हा एवढे लोक होते की बोलता आलं नाही. आणि बरंच काही तू पाहिलं नाहीस, कारण तू पाण्याकडे तोंड करून उभा होतास. तुझ्या पाठीमागं काय झालं ते लिहिते.

तू पाण्यात शिरलास आणि गप उभा राहिलास. आम्हाला काठावरून तुझी पाठ दिसत होती, शर्ट ओला होत होता. हाक येईना. जंगू भुमक तुला सांगायला पुढं निघाला, तर बुधरी आत्यानं त्याचं धोतर मागून धरलं. खरंच धरलं. "उगा राय," म्हणाली, "त्याले शिकवू नोको." संघपाल लांब चिंचेखाली होता, त्याच्यात असलं काही करत नाहीत, पण त्यानं चपला काढून ठेवल्या होत्या. करिश्मा माझा हात धरून उभी होती. मला वाटलं आधार देते आहे. नंतर म्हणाली, नाडी पाहत होते.

भुमकानं तुला नाव कसं घ्यायचं, कुळ कसं सांगायचं, सगळं पढवलं होतं. तू त्यातलं काहीच बोलला नाहीस. तू म्हणालास, "दादा, चाल ना गा घरी. भूक लागली."

तुझ्या मागं सगळ्या बाया एकदम रडल्या आणि त्यातल्या अर्ध्या हसत होत्या. तू शाळेतून आलास की बांधावरून अशीच हाक मारायचास. दसरू आल्याशिवाय मी तुला वाढत नसे. ते गावात सगळ्यांना माहीत आहे. भुमकानं डोळे मिटून घेतले आणि आत्याला म्हणाला, "असं कोणत्याच मंत्रात नाई." आत्या म्हणाली, "मंग घाल आता."

पहिल्यांदा मडक्यात नुसतं पाणी आलं, तेव्हा तुझी मान खाली गेली. ती मी पाहिली. मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं की झालं, तू आलास तेवढं पुरे, चल बाहेर. मी पदर तोंडात धरला. मग झिंगा आला, तुझ्या करंगळीच्या नखाएवढा, आणि भुमक म्हणाला, "दसरूच हाये. जिता होता तवाही एका हाकेत येत नोहता." ते तू ऐकलंस. त्यावर तू हसलास, ते मी ऐकलं.

पुढचं तुला माहीत आहे. एक माहीत नाही. मडकं घेऊन तू वर आलास आणि माझ्या पाया पडायला वाकलास, तेव्हा आत्यानं शेजारच्या बाईला सांगितलं, "मीनंच म्हटलं होतं, लेकरूच हाये तो तिचं." आता ती हे सगळ्यांना सांगत फिरते. तिला तसंच फिरू दे.

काल करिश्मानं पट्टा बांधला. प्रेशर थोडं उतरलं आहे. गोळी बंद करायची नाही म्हणाली. बंद करणार नाही. देव आपल्या जागी, गोळी आपल्या जागी. छातीतलं कांडण थांबलं का, असं विचारशील, तर थांबलं नाही. पण आता मध्ये मध्ये विसावा घेतं, कांडणारी बाई घेते तसं.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. दसरू गेल्यापासून मी त्याच्याशी बोलले नव्हते. रडले, पण बोलले नव्हते. बाहेर असलेल्या माणसाशी काय बोलायचं? तू गेल्यावर दुपारी कोनाड्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. गाय गाभण आहे. तेंदूपत्ता यंदा बरा निघाला. छपराची कवेलू फेरायची राहिली, तुझा भाऊ घाईत निघून गेला, आता दिवाळीत येतो म्हणाला आहे, पाहू. बांगड्या दाखवल्या, आत्यानं किती शिव्या दिल्या ते सांगितलं. उशीर केलास म्हणून थोडं भांडलेही.

तो काही बोलला नाही. घरात असला की तो तसाच असायचा.

तुझी
रुखमा वहिनी